जर्मनीतला हिवाळा लागताना: थंडीआधी ओल सांभाळा

ऑक्टोबर उजाडला की नव्याने जर्मनीत आलेल्या मराठी घरांमधून पहिली चौकशी होते ती जाकिटाची. कुठलं घ्यावं, किती जाड, किती युरोचं. जाकीट लागतंच, पण बाहेरच्या थंडीने इथे कुणाचं फारसं अडत नाही. ट्राम, ऑफिस, दुकान सगळं उबदार असतं. खरा त्रास होतो तो राहत्या घरात, आणि तो थंडीपेक्षा ओलीचा असतो. डिसेंबरात कधीतरी कपाट पुढे ओढलं जातं, मागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसतात आणि मग धावपळ सुरू होते. ती टाळायची असेल तर सवयी ऑक्टोबरातच लावून घ्यायला हव्यात.

आपली ओलीशी ओळख पावसाळ्यातली. जुलैत खिडकी उघडली की दमट हवा आत येते, पापड मऊ पडतात, कपडे वाळत नाहीत. त्यामुळे बाहेर भुरभुर पाऊस दिसला की हात आपोआप खिडकी लावायला जातो. इथे नेमकं उलटं करायचं असतं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. हवा जितकी गार तितकी वाफ धरून ठेवण्याची तिची ताकद कमी. 20 अंशांची हवा एका घनमीटरला जास्तीत जास्त 17.3 ग्रॅम पाणी धरते, 5 अंशांची 6.8 आणि शून्य अंशाची फक्त 4.8. म्हणजे बाहेर 5 अंश तापमान, रिपरिप पाऊस आणि 100 टक्के आर्द्रता असली, तरी ती हवा घरात येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 40 टक्क्यांच्या आत येते. नोव्हेंबरातली ओलीचिंब दिसणारी हवा घर कोरडं करते. मोबाइलवर बाहेरची आर्द्रता 98 टक्के दिसते म्हणून दिवसभर खिडक्या बंद ठेवणं ही नव्या माणसाची सगळ्यात महागात पडणारी चूक.

मग घरात ओल येते कुठून? आपल्याचकडून. चार माणसांच्या घरात श्वास, घाम, आंघोळी, स्वयंपाक आणि कपडे मिळून दिवसाला 10 लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. दोन माणसं झोपतात त्या खोलीत एका रात्रीत अर्धा लिटरहून जास्त. सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ दिसते ती हीच. ही वाफ घरातली सगळ्यात गार जागा शोधते: बाहेरच्या भिंतीचा कोपरा, खिडकीच्या वरचा पट्टा, कपाटामागची भिंत. बुरशीला भिंत ठिबकेपर्यंत ओली लागत नाही. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता काही दिवस 80 टक्क्यांवर राहिली तरी तिला पुरतं. खोलीत 20 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असेल, तर भिंत 12.6 अंशांखाली गेली की ती रेषा ओलांडली जाते. जुन्या इमारतीच्या कोपऱ्यात जानेवारीत हे सहज होतं. त्यातून जुन्या घराला नव्या घट्ट खिडक्या बसवलेल्या असतील तर जास्त जपायचं, कारण पूर्वी फटींतून निघून जाणारी वाफ आता आतच राहते.

पहिली खरेदी जाकिटाची नव्हे, हायग्रोमीटरची, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या यंत्राची करा. दहा-पंधरा युरोत चांगला मिळतो. एक झोपायच्या खोलीत ठेवा, जमलं तर दुसरा स्वयंपाकघरात. 40 ते 60 टक्के ठीक. कडाक्याच्या थंडीत 50 च्या खाली ठेवलेलं बरं. 60 च्या वर काटा तासन्‌तास राहत असेल तर घर तुम्हाला काहीतरी सांगतंय.

उपाय एकच, आणि जर्मन माणसाच्या तोंडी तो सतत असतो: ल्युफ्टन, म्हणजे खिडक्या उघडून घरातली हवा बदलणं. मात्र खिडकी वरून थोडी कलती करून दिवसभर ठेवणं म्हणजे ल्युफ्टन नव्हे. कलत्या खिडकीतून हवा फार हळू बदलते, पण खिडकीच्या वरचा आणि बाजूचा भिंतीचा भाग तासन्‌तास गार होत राहतो आणि बुरशी नेमकी तिथे धरते. करायचं असतं ते श्टोसल्युफ्टन: खिडकी पूर्ण, सताड उघडायची, शक्य असेल तर समोरच्या खोलीचीही, म्हणजे झोत आरपार जातो. ऑक्टोबरात 12 ते 15 मिनिटं, नोव्हेंबरात 8 ते 10, डिसेंबर ते फेब्रुवारी 4 ते 6 मिनिटं पुरतात, कारण आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक जितका मोठा तितकी हवा झपाट्याने बदलते. दिवसातून तीन-चार वेळा: उठल्यावर, स्वयंपाकानंतर, संध्याकाळी, झोपण्याआधी. एवढ्या वेळात भिंती आणि फर्निचर गार होत नाहीत, त्यामुळे खिडकी लावल्यावर खोली पटकन पूर्ववत होते. एक काळजी घ्यायची, खिडकी उघडण्याआधी तिच्याखालच्या हीटरचा नॉब बंद करायचा. नाहीतर गार हवा थेट थर्मोस्टॅटवर येते, खोली गोठली असं समजून तो झडप पूर्ण उघडतो आणि पैसे खिडकीबाहेर जातात.

आपल्या स्वयंपाकघराबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आपला स्वयंपाक वाफेचा. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, इडलीपात्र, तासभर रटरटणारी आमटी. भाड्याच्या घरांतल्या बऱ्याच चिमण्यांना बाहेर जाणारा पाइपच नसतो. त्या हवा आत ओढून जाळीतून आणि कोळशाच्या फिल्टरमधून पुन्हा खोलीत सोडतात. तेल आणि वास थोडा अडतो, वाफ मात्र जशीच्या तशी परत येते. चिमणीच्या वरच्या बाजूने हवेचा झोत हाताला लागत असेल तर तुमची तशीच समजा. अशा वेळी स्वयंपाक करताना स्वयंपाकघराचं दार लावायचं, भांड्यांवर झाकणं ठेवायची, आणि कुकरची वाफ सोडायच्या वेळी खिडकी सताड उघडायची. दार उघडं ठेवलं तर फोडणीचा वास पडद्यांत आणि जाकिटांत बसतोच, पण वाफही गार झोपायच्या खोलीत जाऊन तिथल्या भिंतीवर उतरते. यावरूनच दुसरी चूक कळेल: रात्री बैठकीच्या खोलीचं दार उघडून तिच्या उबेवर झोपायची खोली तापवणं. तिकडे ऊब थोडी जाते आणि ओल भरपूर. झोपायच्या खोलीला तिचा स्वतःचा हीटर 16 ते 18 अंशांवर चालू ठेवा आणि मधलं दार लावा.

कपड्यांचं पाणी कुणी मोजत नाही. पाच किलोचं एक मशीन 1400 फेऱ्यांवर पिळलं तरी कपड्यांत दोन लिटरच्या आसपास पाणी उरतं, 800 वर बरंच जास्त. इमारतीत कपडे वाळवायची सामायिक खोली असेल तर ती वापराच. नसेल तर सर्वांत जास्त फेऱ्यांवर पिळा, एकाच खोलीत वाळत घाला, दार लावा, हीटर चालू ठेवा आणि त्या खोलीची खिडकी दर दोन-तीन तासांनी पाच मिनिटं उघडा. हीटरवर टॉवेल टाकणं दुहेरी नुकसानीचं: हीटरची उष्णता अडते आणि वाफ थेट खोलीत जाते. न्हाणीघराला खिडकी नसेल तर आंघोळीनंतर टाइल्स आणि काच रबरी पट्टीने निपटून पाणी खाली सोडा, दार बंद ठेवा, पंखा चालू द्या. पंख्याची जाळी काढून धूळ साफ करायला विसरू नका, वर्षभराच्या धुळीने तो नुसता आवाज करतो, ओढत काहीच नाही.

फर्निचर बाहेरच्या भिंतीपासून 5 ते 10 सेंटिमीटर दूर. मोठी कपाटं आतल्या भिंतीला लावा. आणि जमिनीवर गादी टाकून झोपायची आपली सवय इथे हिवाळ्यात सोडायला हवी: शरीराची वाफ गादीतून खाली उतरते, गार फरशीवर अडते, आणि दीड-दोन महिन्यांत गादी उलटून पाहिली तर खालून काळी-हिरवी झालेली असते. निदान लाकडी पट्ट्यांची चौकट खाली घाला आणि सकाळी गादी उभी करा. तांदळाची, कणकेची पोती बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. केलर म्हणजे तळघर ही बॅगा ठेवायची जागा आहे, पैठण्या आणि पुस्तकं ठेवायची नाही.

आता हीटर. नॉबवरचे 1 ते 5 हे आकडे वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत: 1 म्हणजे सुमारे 12 अंश, 2 म्हणजे 16, 3 म्हणजे 20, 4 म्हणजे 24, 5 म्हणजे 28. चांदणीची खूण पाइप गोठू नयेत एवढ्यापुरती, सुमारे 6 अंशांची. बाहेरून आल्यावर 5 वर फिरवलं म्हणून खोली 3 पेक्षा लवकर तापत नाही. खोली 20 अंशांवर गेल्यावरही तापतच राहते, एवढाच फरक. नॉबच्या आतला द्रव किंवा मेण खोलीच्या उष्णतेने फुगतं, एक पिन दाबतं आणि गरम पाणी अडवतं. म्हणून नॉबवर पडदा आला तर पडद्यामागची अडकलेली ऊब पाहून तो लवकर बंद होतो आणि खोली गारच राहते. दर अंशामागे सुमारे 6 टक्के ऊर्जा वाचते, हे खरं. पण बचतीच्या नादात दिवसभर हीटर पूर्ण बंद ठेवून रात्री पेटवणं ओलीला आमंत्रण. भिंती गार पडल्या की संध्याकाळची सगळी वाफ त्यांच्यावरच जमते.

हीटिंगचा हंगाम रिवाजाने 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक खोलीतला हीटर तापवून बघा, पहिल्या कडक थंडीत तंत्रज्ञाची वेळ मिळत नाही. वरचा भाग गार, खालचा गरम आणि गुळगुळ आवाज असेल तर आत हवा अडकली आहे. ती काढायला चौकोनी तोंडाची छोटी किल्ली हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीन युरोत मिळते. नॉब 5 वर करा, नॉबच्या विरुद्ध टोकाला वरच्या बाजूला असलेल्या छोट्या झडपेखाली वाटी आणि फडकं धरा, किल्ली डावीकडे अर्धा फेरा फिरवा. आधी फुस्स आवाज येतो, मग पाणी थुंकल्यासारखं येतं, आणि सलग बारीक धार लागली की लगेच बंद करा. पाणी काळपट आणि गरम असतं, गालिचा आधी बाजूला घ्या. घरात स्वतःचा गॅस बॉयलर असेल तर नंतर दाबाचा काटा बघा; बहुतेक फ्लॅटमध्ये तो 1 ते 2 बारच्या मधे हवा. सामायिक हीटिंग असेल तर हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला सांगून ठेवा, कारण बऱ्याच घरांनी हवा काढली की दाब घटतो आणि वरच्या मजल्यावर पाणी पोचत नाही.

अख्खा हीटर गार पण येणारा पाइप गरम, असं असेल तर पिन उन्हाळाभर दाबलेली राहून अडकली आहे. नॉब 5 वर ठेवून त्याची मोठी चकती सोडवा, नॉब बाहेर येतो, आत बारीक धातूची पिन दिसते. लाकडाच्या तुकड्याने ती हळूच आत दाबून सोडा, पुन्हा दाबून सोडा. ती स्वतःहून दोन-चार मिलिमीटर बाहेर यायला लागली की काम झालं. पक्कडीने ओढायची नाही, उपसून आली तर पाण्याचा फवारा थांबवता येत नाही. यासाठीच उन्हाळ्यात नॉब बंद न ठेवता 5 वर उघडा ठेवतात.

एवढं करूनही बुरशी दिसली तर रंग मारून झाकू नका. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा वरवरचा डाग घरी पुसता येतो: 70 ते 80 टक्के अल्कोहोल, हातमोजे, एफएफपी2 मास्क, खिडकी उघडी, आसपास ज्योत किंवा सिगरेट नाही, फडकं नंतर थेट कचऱ्यात. व्हिनेगर प्लॅस्टरवर वापरू नये. चुन्यामुळे त्याचा आम्लपणा मरतो आणि उरलेला अंश बुरशीला खाऊच ठरतो. डाग मोठा असेल किंवा पुन्हा येत असेल तर दोष इमारतीत असू शकतो. घरमालकाला लेखी कळवा, फोटो आणि तारीख जोडा. दोष कळवणं हे भाडेकरूचं कायद्याने कर्तव्य आहे, उशीर केलात तर वाढलेल्या नुकसानीचा भार तुमच्यावर येऊ शकतो. हायग्रोमीटरच्या रोजच्या नोंदी वहीत असतील तर “तुम्ही ल्युफ्टन करत नाही” या ठरलेल्या उत्तराला तुमच्याकडे उत्तर असतं.

बिलाचंही गणित लक्षात ठेवा. सामायिक हीटिंगचा 50 ते 70 टक्के खर्च प्रत्यक्ष वापरावर वाटला जातो, बाकीचा सहसा घराच्या क्षेत्रफळावर. हिशोब द्यायला घरमालकाला वर्ष संपल्यापासून 12 महिने मिळतात, म्हणजे या जानेवारीतल्या ऐषआरामाचं बिल पुढच्या वर्षाच्या डिसेंबरातही येऊ शकतं. पहिल्या हिवाळ्यात थोडी रक्कम बाजूला ठेवा.

स्वयंपाकघर 18-19 अंशांवर आलं की दही लागत नाही आणि डोशाचं पीठ फुगत नाही. हीटरवर डबा ठेवला तर खालचं पीठ शिजतं, वरचं सुकतं. ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवलेला डबा चांगला काम देतो. दह्यासाठी दूध 42-45 अंशांवर विरजा, भांडं पांघरुणात गुंडाळून गरम पाण्याच्या पिशवीसोबत पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, आठ-दहा तास हलवू नका.

बाहेरच्या कपड्यांतही ओलच सांभाळायची असते. अंगालगतचा सुती बनियन घाम धरून ठेवतो आणि ट्रामच्या थांब्यावर तोच गार पडतो. आत लोकर किंवा सिंथेटिक, मधे स्वेटर किंवा फ्लीस, वर पाणी आणि वारा अडवणारं कवच. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, घट्ट बुटात जाड मोजा घातला तरी पाय गारठतात. ओले बूट हीटरवर न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. लहान मुलांना किटात, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, पावसातही बाहेर नेतात, म्हणून चिखलाची रबरी पँट, गमबूट आणि हातमोजांचे दोन जोड नाव घालून द्यायचे. मोटारीतल्या बाळाच्या सीटमध्ये फुगीर जाकीट काढूनच पट्टा लावा. जाकिटावरचा पट्टा वाटतो घट्ट, पण धक्क्यात जाकीट दबतं आणि पट्टा सैल पडतो.

मोटार असेल तर टायर ऑक्टोबरातच बदलून घ्या. कायदा तारीख सांगत नाही, रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर हिवाळी टायर हवेतच असं सांगतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून डोंगराच्या चित्रात हिमकण अशी खूण असलेलेच टायर हिवाळी म्हणून चालतात, नुसतं एम आणि एस लिहिलेले नाहीत. दंड 60 युरो आणि वाहनचालकाच्या नोंदीत एक दंडाचा पॉइंट. कायद्याने नक्षीची खोली 1.6 मिलिमीटर पुरते, पण बर्फात 4 पेक्षा कमी असेल तर विश्वास ठेवू नये. बदलल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळा. काचेवर आतून धुकं येत असेल तर हिवाळ्यातही एसी चालू करा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा. एसी हवेतलं पाणी काढतो. बाहेरचा बर्फ सगळ्या काचांवरून खरवडा. डोळ्यांपुरतं भोक पाडून निघालात तर दंड होतो, आणि काच वितळावी म्हणून इंजिन नुसतं चालू ठेवलंत तरी होतो.

भाडेकरारात विंटरडीन्स्ट, म्हणजे बर्फ हटवायची जबाबदारी, हा शब्द आहे का ते बर्फ पडायच्या आत वाचा. असेल तर ठरलेल्या आठवड्यात फुटपाथ मोकळा करणं तुमचं काम: बहुतेक गावांत सकाळी 7 ते रात्री 8, रविवारी थोडं उशिरा, साधारण मीटरभर रुंद पट्टा. अनेक शहरांत मीठ टाकायला बंदी आहे, बारीक खडी किंवा वाळू आधीच आणून ठेवा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे 3 चे 2 वाजतात आणि भारताशी अंतर साडेतीन तासांचं साडेचार होतं. आई-बाबा रात्री दहाला झोपत असतील तर इथल्या साडेपाचच्या आत फोन लावायला हवा. उजेडाची टंचाईही तेव्हापासून जाणवते. 21 डिसेंबरला बर्लिनमध्ये सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. भर दुपारी तो क्षितिजाच्या जेमतेम 14 अंश वर असतो, पुण्यात त्याच दिवशी 48. एवढ्या तिरप्या उन्हात त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूट ही जर्मनीची सरकारी आरोग्यसंस्था हा काळ ऑक्टोबर ते मार्च असा सांगते, आणि सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. ऊन नसेल तेव्हा जर्मन पोषण सोसायटीचा दिवसाचा अंदाज 20 मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळ्यांच्या डबीवर लिहितात ते 800 आययू (आंतरराष्ट्रीय एकक). त्याहून मोठे डोस भारतातून आणून मनाने घेऊ नका, घरच्या डॉक्टरला विचारा. उजेडासाठी मात्र दुपारच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चालाच. ढगाळ दुपारसुद्धा घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट उजळ असते.

संध्याकाळ डिसेंबरच्या मध्यापासूनच मिनिटा-मिनिटाने लांबायला लागते. सकाळ मात्र वर्षअखेरपर्यंत उलट काळोखीच होत जाते. म्हणून मुलांच्या दप्तरावरच्या चमकणाऱ्या पट्ट्या आणि सायकलचे दिवे नाताळच्या सुट्टीनंतर काढून ठेवू नका, जानेवारी संपेपर्यंत शाळेची वाट अंधारातच असते.